प्रोग्रामिंगच्या भाषांची बारशी : नावांतला विनोद नक्की कुणासाठी?

सुरसागरकाठी (धागाकर्ती)

मंडळी, मी दर रविवारी रावपुऱ्यात आठवी ते दहावीच्या मुलांना पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. मुलं बडोद्याच्या मराठी घरांतली आहेत. कुणाची शाळा गुजराती माध्यमाची, कुणाची इंग्रजी, त्यामुळे वर्गात तिन्ही भाषा सुखाने नांदतात. तिथे हमखास येणारा एक प्रश्न घेऊन हा धागा काढतेय. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणांतल्या व्हेरिएबलांची, म्हणजे माहिती ज्या नावाखाली ठेवतो त्यांची, नावं 'स्पॅम' आणि 'एग्ज' अशी का असतात? बऱ्याच मुलांच्या स्वयंपाकघरात यातलं काहीच येत नाही आणि स्पॅम म्हणजे त्यांच्या लेखी नको असलेली मेल.

गिडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९मध्ये, नाताळच्या सुट्टीत, ॲम्स्टरडॅमला या भाषेचं काम सुरू केलं. त्या दिवसांत ते 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या बीबीसीच्या विनोदी मालिकेच्या छापील संहिता वाचत होते. भाषेला छोटं, वेगळं आणि थोडं गूढ नाव हवं होतं, तेव्हा मालिकेतलंच उचललं. अजगराचा काही संबंध नाही, चिन्हातले दोन साप नंतर आले. त्या मालिकेत एक प्रवेश आहे : उपाहारगृहातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम नावाचं डबाबंद मांस असतंच आणि शेवटी त्या एका शब्दाखाली सगळं संभाषण बुडून जातं. पायथॉनमधला स्पॅम तिथलाच. मुलांच्या मेलबॉक्समधला स्पॅमही तिथलाच! हे सांगितलं की वर्गाला फार गंमत वाटते.

पुढेही तोच धागा आहे. पायथॉनसोबत मिळणाऱ्या आयडल या एडिटरच्या नावात त्याच मालिकेतले नट एरिक आयडल यांची आठवण आहे. पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, जिथून उतरवून घेतो त्या ठिकाणाला पूर्वी 'चीज शॉप' म्हणत, कारण मालिकेत एक चीजचं दुकान आहे, ज्यात चीजच नसतं. आणि आज आपण पॅकेजची जी 'व्हील' फाइल उतरवतो ती चाकाची नाही, चीजच्या गोल चकतीची आठवण आहे.

मुलांना मी हे वेळ काढून सांगते, कारण त्यानंतर त्यांची भीती कमी होते. ही भाषा कुणीतरी माणसाने, सुट्टीत, आवडीची मालिका वाचता वाचता बनवली, हे कळलं की ती आपणही हाताळू शकतो असं त्यांना वाटू लागतं. तुमच्याकडे अशा आणखी गोष्टी असतील तर लिहा. ऐकीव मात्र नको, मुलांसमोर खात्रीचंच जायला हवं.

मांडवीचा_मुलगा

ताई, मस्त धागा. माझ्याकडून सी आणि जावा.

केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल, तिच्यावरून केन थॉम्प्सन यांची बी, आणि बी नंतर डेनिस रिची यांची सी. १९७२च्या सुमाराची गोष्ट. पुढे ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सीमध्ये क्लासेस आणले, तेव्हा आधीचं नाव साधंच होतं, 'सी विथ क्लासेस'. १९८३मध्ये रिक मॅस्किटी यांनी सी++ सुचवलं. ++ म्हणजे एकाने वाढवा, म्हणजे सीच्या पुढची पायरी. पण ++ नावानंतर लिहिलं की किंमत वाढते आणि हाती मात्र जुनीच येते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नावात दुसरा विनोदही दिसतो. सी शार्पचं तर गाणं शिकणाऱ्यांना लगेच कळेल, सी या स्वरापेक्षा अर्धा सूर वर. शिवाय ते चिन्ह म्हणजे दोनावर दोन रचलेली चार अधिकचिन्हं.

जावाचं आधीचं नाव 'ओक'. जेम्स गोसलिंग यांच्या ऑफिसबाहेर ओकचं झाड होतं. पण ते नाव दुसऱ्या एका कंपनीचं आधीपासून होतं, म्हणून कॉफीवरून जावा झालं, आणि मग त्या कॉफीचे दाणे सगळीकडे सांडले : जावा बीन्स आले, जार फाइल आली. कंपाइल झालेल्या प्रत्येक जावा फाइलचे पहिले चार बाइट सोळाच्या पायात (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) वाचले तर 'कॅफे बेब' अशी अक्षरं दिसतात. मुलांना हेक्स एडिटरमध्ये उघडून दाखवा ताई, विसरणार नाहीत.

जावास्क्रिप्टचं नाव मला खटकतं, हेही इथेच सांगतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत ती भाषा उभी केली. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट, कारण तेव्हा जावाची हवा होती. दोन्ही भाषांचा घरोबा नाही, तरी 'जावा येतं म्हणजे जावास्क्रिप्टही येत असेल' असं बोलणारे लोक आजही भेटतात. स्पॅम आणि एग्जने कुणाची फसगत केली नाही. या नावाने केली, आणि यात विनोद औषधालाही नाही, निव्वळ जाहिरात आहे.

मास्तर_निवृत्त

धागा वाचून फार बरं वाटलं. पंचकार्डांच्या काळात मी फोरट्रान ही भाषा शिकलो आणि पुढे बरीच वर्षं शिकवलं. त्या वेळच्या दोन-तीन गोष्टी सविस्तर लिहितो.

फोरट्रानमध्ये व्हेरिएबल आधी जाहीर करायची सक्ती नव्हती. नावाचं पहिलं अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर पूर्णांक, नाहीतर रिअल, म्हणजे दशांश संख्या. आय आणि एन ही 'इंटिजर' शब्दाची पहिली दोन अक्षरं, म्हणून लक्षात ठेवायला सोपं. गणितात आपण आय, जे, के, एन ही अक्षरं पूर्णांकांसाठी आधीपासून वापरतोच, ती सवय त्यांनी भाषेत घेतली. आज तुमची मुलं पायथॉनमध्ये लूप लिहिताना सहज 'आय' लिहीत असतील, ती या परंपरेतली आहेत. आणि याच नियमातून प्रोग्रामरांचा सर्वांत जुन्या विनोदांपैकी एक जन्मला : 'गॉड इज रिअल, अनलेस डिक्लेअर्ड इंटिजर.' जी हे अक्षर आय ते एनमध्ये बसत नाही, म्हणून देव रिअल. मी तो फळ्यावर लिहायचो आणि नियम पुन्हा समजावून सांगावा लागत नसे.

दुसरी गोष्ट निक्लाउस व्हिर्थ यांची. पास्कल त्यांनी १९७०मध्ये आणली आणि तिला सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या गणितज्ञाचं नाव दिलं, ज्याने बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवलं होतं. पण विनोद आहे तो खुद्द व्हिर्थ यांच्या नावावर. फंक्शनला माहिती द्यायच्या दोन रीती अल्गोल या जुन्या भाषेत होत्या, एक 'कॉल बाय नेम' आणि दुसरी 'कॉल बाय व्हॅल्यू'. व्हिर्थ स्वित्झर्लंडचे. युरोपात लोक त्यांचं नाव बरोबर उच्चारत, अमेरिकेत मात्र त्याचं 'निकल्स वर्थ' व्हायचं, म्हणजे निकेलच्या पाच सेंटच्या नाण्याइतक्या किमतीचा. म्हणून म्हणायचे, युरोप त्यांना बाय नेम हाक मारतो आणि अमेरिका बाय व्हॅल्यू. एका वाक्यात दोन्ही संकल्पना डोक्यात बसतात. शिकवणाऱ्याला याहून चांगलं हत्यार मिळत नाही.

आणि ॲडा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला आपल्या कामासाठी एकच भाषा हवी होती. १९७५पासून त्यांनी अपेक्षांचे मसुदे काढले, त्यांची नावं ओळीने स्ट्रॉमन, वुडनमन, टिनमन, आयर्नमन, स्टीलमन. म्हणजे गवताचा माणूस, मग लाकडाचा, पत्र्याचा, लोखंडाचा, पोलादाचा. मसुदा जसा पक्का होत गेला तसं नाव टणक होत गेलं. स्पर्धेतल्या चार भाषांना रंगांची नावं होती, त्यांत ज्याँ इश्बिया यांची हिरवी भाषा निवडली गेली आणि तिला ॲडा लव्हलेस यांचं नाव दिलं. तिच्या लष्करी प्रमाणकाचा क्रमांक १८१५, कारण ॲडाबाईंचं जन्मवर्ष १८१५. मंजुरीची तारीख १० डिसेंबर १९८०, कारण त्यांचा वाढदिवस १० डिसेंबर. इतक्या रुक्ष खात्यात कुणीतरी एवढ्या मायेने हे जुळवून आणलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

दांडियाबाजारवाली

वाचतेय. मास्तर, अजून लिहा ना.

मोती-माणकाची गोष्ट माझ्याकडून. लॅरी वॉल यांना १९८७मध्ये 'पर्ल' म्हणजे मोती असं नाव द्यायचं होतं. पण त्याच स्पेलिंगची एक भाषा आधीच होती, म्हणून त्यांनी स्पेलिंगमधला ए गाळला. त्या अक्षरांची लांबलचक इंग्रजी पूर्ण नावं मागून जोडली, एक शहाणं आणि एक अगदी वेडं. पुढे जपानमध्ये युकिहिरो मात्सुमोतो यांनी भाषा लिहायला घेतली, तेव्हा २४ फेब्रुवारी १९९३ला मित्राशी गप्पा मारताना दोन नावं पुढे आली, पोवळं आणि माणिक. माणिक एका सहकाऱ्याचं जन्मरत्न होतं म्हणून रुबी ठरलं. शिवाय मोती जूनचं रत्न आणि माणिक जुलैचं, म्हणजे पर्लच्या पुढचं पाऊल.

कोठी_चाररस्ता

सगळ्यांच्या गोष्टी चांगल्या आहेत, पण मला इथे थोडं अडायचं आहे. हे विनोद ज्यांचे आहेत त्यांना हसू येतं. आपण मात्र आधी त्यांची मालिका, त्यांचा डबाबंद खाऊ, त्यांची नाणी समजून घ्यायची आणि मग हसायचं. यात शिकणाऱ्याचा किती वेळ जातो?

माझा अनुभव. पहिल्या नोकरीत पीएचपी या वेबसाइटच्या भाषेवर बसवलं होतं. एक दिवस एरर आली : 'अनएक्स्पेक्टेड टी पाआमायिम नेकुदोतायिम'. मला वाटलं सर्व्हरमध्ये व्हायरस शिरला. शेजारी बसणारी सीनियर म्हणाली, अरे ते हिब्रू आहे, म्हणजे '::'. झीव सुरास्की आणि अँडी गटमन्स या दोन इस्रायली विद्यार्थ्यांनी पीएचपीचा गाभा नव्याने लिहिला, तेव्हा दुहेरी कोलनच्या चिन्हाला त्यांनी आपल्या भाषेतलं नाव दिलं. 'नेकुदोतायिम' म्हणजे दोन ठिपके आणि 'पाआमायिम' म्हणजे दोनदा. त्यांचं आपल्या भाषेवरचं प्रेम मला समजतं. पण माझा अर्धा दिवस गेला, आणि मदतीला कुणी बसलेलं होतं म्हणून अर्धाच गेला. नंतरच्या आवृत्त्यांत ते नाव कंसात गेलं आणि पुढे '::' हे चिन्ह दिसू लागलं, हे बरं झालं.

दुसरं उदाहरण. फ्रान्समध्ये गणिती सिद्धता तपासणारं एक सॉफ्टवेअर आहे, कॉक. फ्रेंचमध्ये कोंबडा. थिएरी कोकाँ या त्यांच्या संशोधकाच्या नावाची अक्षरंही त्यात होती. पण इंग्रजीत उच्चारलं की अश्लील शब्द होतो. परिषदेत, वर्गात, नोकरीच्या मुलाखतीत मुलींना ते नाव घेताना जो त्रास झाला असेल तो त्या नावाच्या हिशेबात कुणी धरला नव्हता. अखेर २०२३मध्ये त्यांनी नाव बदलायचं ठरवलं आणि आता ते 'रॉक' आहे. नावामागे गोष्ट छान आहे म्हणून नाव चांगलं ठरत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

मांडवीचा_मुलगा

@कोठी_चाररस्ता दादा, पीएचपीची एरर मीही खाल्ली आहे. अगदी पटलं.

सुरसागरकाठी

दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्यामुळेच मला माझं म्हणणं नीट मांडता येईल.

स्पॅम कळला नाही तरी प्रोग्राम चालतो. मुलाने स्पॅमच्या जागी 'भाकरी' लिहिलं तरी चालतो. विनोद तिथे बाजूला उभा आहे, वाट अडवत नाही. पाआमायिम नेकुदोतायिम एरर मेसेजमध्ये होतं. ती जागा वेगळी आहे. तिथे माणूस आधीच अडलेला असतो, बहुधा एकटा असतो, आणि त्या ओळीवाचून त्याच्याकडे दुसरा आधार नसतो. त्या जागी साधं, सरळ आणि उपयोगी वाक्यच हवं. भाषेचं नाव, चिन्ह, उदाहरणं, आवृत्त्यांची टोपणनावं यांत हवी तेवढी मौज करावी. एरर मेसेज आणि रोज वापरायच्या फंक्शनांची नावं यांत करू नये. मी मुलांनाही हाच नियम घालते. कुणी प्रोजेक्टला 'सेवउसळ' नाव दिलं तर आनंदच आहे, पण आतल्या फंक्शनचं नाव 'बेरीज' असेल तर त्याने बेरीजच करावी.

आणि कॉकबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. नाव घेताना कुणाची मान खाली जात असेल तर ते बदलायलाच हवं. तिथल्या लोकांनी बदललं याचा मला आदर वाटतो, कारण जुनं नाव पुस्तकांत आणि प्रबंधांत मुरलेलं असताना हे काम सोपं नसतं.

शून्यएक

ताई, तुमच्या नियमात बसणारं आणि न बसणारं, दोन्ही देतो. मी तिसऱ्या वर्षाला आहे.

पायथॉनमध्ये ब्लॉकसाठी, म्हणजे एकत्र चालणाऱ्या ओळींच्या गटासाठी, महिरपी कंस नाहीत, आत सरकवून लिहावं लागतं. सीवरून आलेले लोक कंस मागत राहिले. म्हणून कुणी 'फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट ब्रेसेस' ही ओळ चालवली की उत्तर येतं : 'सिंटॅक्स एरर : नॉट अ चान्स'. ही आहे एररच, पण ती मिळवायला मुद्दाम जावं लागतं. चुकून तिथे कुणी पोचत नाही, म्हणून माझ्या मते चालेल. 'इम्पोर्ट धिस' लिहिलं की टिम पीटर्स यांची पायथॉनची तत्त्वं पडद्यावर येतात. ती मॉड्यूलच्या आत तेरा-तेरा अक्षरं सरकवून गुप्त लिपीत ठेवली आहेत. साधेपणाचा उपदेश इतक्या आडवळणाने ठेवायचा, हाच त्यातला विनोद. मुलांना ती फाइल उघडून सोडवायला द्या.

विनोद म्हणूनच जन्मलेल्या भाषांत सगळ्यांची आजी म्हणजे १९७२ची इंटरकॅल. डॉन वुड्स आणि जेम्स लायन, प्रिन्स्टनचे विद्यार्थी. तिच्यात काही ओळींना 'प्लीज' लावावंच लागतं. कमी लावलं तर कंपाइलर म्हणतो प्रोग्राम पुरेसा नम्र नाही, जास्त लावलं तर म्हणतो फारच लाळघोटेपणा आहे. साधारण पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ओळी नम्र हव्यात. त्या काळच्या भाषांची आणि त्यांच्या भारदस्त मॅन्युअलांची ती नक्कल होती. पण ती नक्कल करायला त्यांना एक आख्खी चालणारी भाषा लिहावी लागली, हे मला फार मोठं वाटतं.

आणि पॅरट! १ एप्रिल २००१ला कुणीतरी बातमी सोडली की पर्ल आणि पायथॉन एकत्र येऊन पॅरट नावाची नवी भाषा होणार. थाप होती. पण नाव इतकं आवडलं की पुढे प्रोग्राम चालवणाऱ्या एका खऱ्या व्हर्च्युअल मशीनला तेच दिलं.

कोशवाचक

मी प्रोग्रामर नाही, शाळेत मराठी शिकवायचे. नातवाने धागा दाखवला आणि सगळा वाचून काढला.

आपल्या बडोद्यात नावं ठेवण्याचं फार मोठं काम झालेलं आहे, ते इथे आठवायला हवं. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारासाठी 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' तयार करवला. १९३१मध्ये तो निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली अशा भाषांतले पर्याय ओळीने मांडलेले. कोर्टातला, कचेरीतला शब्द रयतेला कळावा हा त्यामागचा हेतू. त्या कामात थट्टेला जागा नव्हती आणि नसावीच. ज्या शब्दावर माणसाची जमीन ठरते तो शब्द चोख हवा. सुरसागरताई, तुमचा एरर मेसेजचा नियम मला त्याच जातीचा वाटतो.

पण एक शंका आहे. या सगळ्या मंडळींना आपल्या भाषेचं नाव हलकंफुलकं ठेवावंसं का वाटलं? आपण काही निर्माण केलं की त्याला 'प्रज्ञा', 'परम', 'दिव्य' असं काहीतरी भारदस्त नाव देतो.

शून्यएक

आजी, याचं उत्तर ॲलन के यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात त्यांनी स्मॉलटॉक बनवली. त्या वेळी सिस्टिम्सना झ्यूस, ओडिन, थॉर अशी देवांची नावं देण्याची चाल होती आणि त्या सिस्टिम्स फारसं काही करत नसत. म्हणून के यांनी ठरवलं की नाव इतकं साधं हवं, की भाषेने थोडंसं चांगलं काही केलं तरी लोकांना सुखद धक्का बसेल. स्मॉलटॉक म्हणजे इकडच्या तिकडच्या गप्पा. आज खिडक्या, मेनू, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग हे सगळं जिथून रुळलं त्या भाषेचं हे नाव.

कोशवाचक

अरे, मग ते नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा याच्या अगदी उलट झालं! आणि आपल्याकडेही ही रीत आहेच की. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरू असं ठेवायचे. नाव इतकं साधं की दृष्ट लागायचं कारण नाही आणि काळाचंही लक्ष जाऊ नये. त्या आयांनी काळजीपोटी जे केलं ते या शास्त्रज्ञाने आपल्या भाषेसाठी केलं. मला हे फार आवडलं. परम आणि दिव्य नावांचा आग्रह आपण कधीपासून धरला, यावर कुणीतरी लिहायला हवं.

मास्तर_निवृत्त

बाई, नमस्कार. हॅस्केल भाषेची गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. हॅस्केल करी हे अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ १९८२मध्ये गेले. पुढे १९८७पासून एका समितीने नवी भाषा आखायला घेतली आणि तिला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. समितीतले लोक परवानगी मागायला त्यांच्या पत्नी व्हर्जिनियाबाईंकडे गेले. बाईंनी आनंदाने होकार दिला, पण निघताना सांगितलं की हॅस्केलना स्वतःचं हॅस्केल हे नाव कधीच आवडलं नव्हतं.

फतेहगंज_फास्ट

मास्तर 🙏 हे माहीत नव्हतं.

अवांतर होईल, पण नावं बदलण्यावरून बडोद्याचंच एक उदाहरण. १९७४मध्ये शहराचं अधिकृत नाव वडोदरा झालं. आपण घरात बडोदंच म्हणतो, बँक अजून बडोद्याची आहे, आणि रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनचा कोड आजही बीआरसी. सॉफ्टवेअरमध्ये याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. कोडवर हजारो गोष्टी अवलंबून असल्या की वरचं नाव बदलतं, आतलं राहतं.

याचं संगणकातलं प्रसिद्ध उदाहरण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं. नवी फाइल बनवायच्या सिस्टिम कॉलचं नाव 'क्रिएट' हवं होतं, पण स्पेलिंगमधला शेवटचा ई नाही. केन थॉम्प्सन यांना विचारलं होतं, युनिक्स पुन्हा लिहिलंत तर काय बदलाल? ते म्हणाले, क्रिएटला ई लावीन. अर्धशतक झालं, तो ई अजून लागलेला नाही आणि लागणारही नाही.

लहान नावांमागे बहुतेक वेळा यंत्राची अडचण असायची. चार्ल्स मूर यांना 'फोर्थ' म्हणजे चौथ्या पिढीची असं नाव हवं होतं, पण त्यांच्या आयबीएम यंत्रावर फाइलच्या नावाला पाचच अक्षरं चालत, म्हणून इंग्रजीतला यू गेला. स्कीम भाषेचं मूळ नाव 'स्कीमर', आधीच्या प्लॅनर आणि कॉनायव्हर या भाषांच्या चालीवर. सहा अक्षरांच्या मर्यादेत शेवटचा आर गेला.

दांडियाबाजारवाली

मग आता मुलांनी मराठीत नावं दिली तर? पायथॉनमध्ये देवनागरी व्हेरिएबल चालतात ना?

शून्यएक

चालतात ताई. पायथॉन ३ आला २००८मध्ये, तेव्हापासून. 'वय = 14' लिहा, 'नाव' लिहा, 'बेरीज' नावाचं फंक्शन लिहा, सगळं चालतं. देवनागरी अंक थेट कोडमध्ये चालत नाहीत, पण अवतरणात '१२३' ठेवून 'इंट' फंक्शनला दिलं तर ते त्याचे आकडे बरोबर ओळखतं.

गो भाषेत मात्र वेगळंच आहे, आणि हे मी स्वतः करून बघितलं आहे. गोच्या नियमाप्रमाणे नावात फक्त युनिकोडची (जगभरच्या लिप्यांच्या प्रमाणित यादीची) 'अक्षरं', अंक आणि अधोरेखा चालते. आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त यांना युनिकोड अक्षर धरत नाही, त्या अक्षराला जोडून येणाऱ्या खुणा आहेत. त्यामुळे 'घर' चालतं, 'नाव' चालत नाही. कंपाइलर सरळ सांगतो की नावात काना हे अवैध चिन्ह आहे. 'शहर' चालतं, 'बडोदे' नाही.

कोशवाचक

म्हणजे पहिलीच्या पुस्तकातले सुरुवातीचे धडे तेवढे चालतील. कमल नमन कर. बिनकान्यामात्रेचे.

शून्यएक

अगदी तेच, आजी! कमल, नमन, कर, तिन्ही चालतात. आत्ता चालवून बघितलं.

एक अडचण आणखी आहे. गोमध्ये दुसऱ्या पॅकेजमधून वापरायचं नाव मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) अक्षराने सुरू व्हावं लागतं. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, म्हणून 'कमल' पॅकेजबाहेर कधीच दिसत नाही. त्याच्या आधी एखादं मोठं इंग्रजी अक्षर चिकटवावं लागतं. जपानी आणि चिनी लोकांचीही हीच तक्रार आहे.

कोठी_चाररस्ता

माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला शोधून मिळालं नसतं. गोच्या बोधचिन्हातल्या गोफर या प्राण्याचं चित्र मला आवडतं, रेने फ्रेंच यांनी फार गोड काढलं आहे. पण दार उघडायचं असेल तर ते इथे उघडायला हवं. कान्याला नावात जागा मिळावी ही मागणी गोच्या लोकांपुढे बऱ्याच वर्षांपासून आहे. सुरसागरताई, तुमच्या मुलांपैकी कुणी मोठेपणी त्यात हात घातला तर मला कळवा, मी सोबत बसेन.

सुरसागरकाठी

दादा, हे मी वर्गात तुमच्या नावासकट सांगणार. मोठं व्हायची वाट कशाला? दहावीच्या दोन मुली आत्ताच त्या चर्चेत मराठी उदाहरणं लिहून देऊ शकतील. 'नाव' हा शब्दच नावात चालत नाही, एवढं एक उदाहरण पुरेसं आहे. पुढच्या रविवारी या, बसूया.

पादरा_रोड

उशिरा आलो. रस्ट या भाषेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे देवनागरी नावं कान्यामात्रांसकट चालतात, २०२१च्या १.५३ आवृत्तीपासून.

आणि नाव. बहुतेकांना वाटतं रस्ट म्हणजे गंज. ग्रेडन होअर यांनी ते बुरशीवरून घेतलं आहे, गव्हावर पडतो तो तांबेरा. आमच्या घरी शेती आहे, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मी चमकलो, कारण शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा येतो. पण होअर यांनी बघितलं ते वेगळं : ही बुरशी तग धरण्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयारी करते. गव्हाच्या खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचं जीवनचक्र बघा, पाच प्रकारची बीजाणू आणि दोन वेगळ्या वनस्पती, गहू आणि बारबेरी. एक वाट बंद झाली तर दुसरी. कोसळू नये म्हणून बनवलेल्या भाषेला हे नाव फार विचार करून दिलेलं आहे. रस्टचं बोधचिन्ह असलेला खेकडा नंतर आला, खेकड्याच्या वर्गाचं इंग्रजी नाव 'क्रस्टेशियन', त्यातून 'रस्टेशियन' झालं आणि त्याचं नाव फेरिस, लोखंडाच्या लॅटिन नावाशी जुळणारं. म्हणजे गंजवाल्यांचीही सोय झाली.

ताई, तांबेरा पडलेलं गव्हाचं पान मुलांना दाखवायचं असेल तर हंगामात सांगा, घेऊन येईन.